यंत्रमानवाच्या नावातली वेठ

मी आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड शिकवतो. दरवर्षी थंडीच्या दिवसांत मुलांना घेऊन छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात जातो. बीड, जालना, परभणीकडची ही मुलं. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरचं कुणी ना कुणी कधी तरी उसाच्या फडात राबलेलं असतं. यंदा आम्ही दुचाकीचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वेल्डिंग शेडमध्ये उभे होतो. पिवळ्या जाळीच्या पलीकडे नारिंगी रंगाचा एक लांब हात वाकत होता, वळत होता, ठिणग्या उडवून पुन्हा सरळ होत होता. वडवणीकडचा एक मुलगा माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, “सर, रोबोट कुठंय?”

“हा काय, समोर.”

त्यानं पुन्हा एकदा नीट पाहिलं. “ह्याला तोंडच नाही, सर.”

तो मुलगा हुशार आहे, वेल्डिंगची टॉर्च हातात धरायची त्याला समज आहे. चूक त्याची नव्हती. रोबो म्हणजे काय हे त्याला आम्ही शिकवायच्या आधीच पडद्यानं शिकवून ठेवलं होतं, आणि पडद्यावरच्या रोबोला तोंड असतं. २०१० साली आलेल्या ‘एंदिरन’मधल्या चिट्टीला रजनीकांतचा चेहरा होता. ‘रोबोट’ या नावानं हिंदीत आलेला तो सिनेमा टीव्हीवर इतक्यांदा लागलाय की माझ्या वर्गातली मुलं त्यातले प्रसंग क्रमानं सांगतात. २०२४ च्या ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’मधल्या सिफ्राला क्रिती सॅननचा चेहरा आहे. माझ्या पिढीनं टीव्हीवर ‘स्मॉल वंडर’मधली लाल-पांढऱ्या फ्रॉकातली विकी पाहिली, मग २००३ मध्ये त्याच धर्तीवरची आपल्याकडची ‘करिश्मा का करिश्मा’. बाहेरच्या सिनेमांची तर गणतीच नको. मोबाइलवर येणाऱ्या मालिकांत दर महिन्याला एक नवा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो, जन्माला येतो. कुणी प्रेमात पडतो, कुणी मालकाचा गळा धरतो, कुणी लहान मुलाला जीव लावतो.

या सगळ्यांना चेहरा आहे, डोळे आहेत, मन आहे किंवा मन यावं अशी तळमळ आहे. एक गोष्ट मात्र त्यांच्यातून हळूहळू नाहीशी झाली आहे, ती म्हणजे काम. रोबो काय काम करतो, कुणाच्या जागी करतो, ते काम आधी करणारा माणूस आता कुठे आहे, हे विचारायचं सिनेमानं जवळपास सोडूनच दिलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागाला रोबोची जी गोष्ट हवी आहे ती नेमकी ही, आणि ती आपल्यालाच सांगावी लागणार आहे.

ही गोष्ट खरं तर नव्यानं शोधायची नाही. रोबोच्या नावातच ती आहे. हा शब्द कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही, नाटकात जन्मला. कारेल चापेक या चेक लेखकाचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षी प्रागमध्ये रंगमंचावर आलं. कृत्रिम कामगारांना काय नाव द्यावं हे त्याला सुचेना, तेव्हा त्याच्या भावानं, योसेफनं, हा शब्द सुचवला. मुळातला चेक शब्द ‘रोबोटा’. जमीनदाराच्या शेतावर कुळानं सक्तीनं, फुकट करायचं काम. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे: वेठ. निजामाच्या अमलात मराठवाड्यानं ती वेठ भोगलेली आहे. गावात अंमलदार आला की कुणाला सरपण वाहायला, कुणाला पाणी भरायला, कुणाला सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चालायला धरून नेत. १९४८ ला निजाम गेला, १९७६ ला वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, पण शब्द अजून आमच्या बोलण्यात जिवंत आहे. ‘मला काय वेठीला धरलंय का?’ असं आजही घराघरांत म्हणतात.

रोबोला मराठीत आणताना आपण त्याला ‘यंत्रमानव’ केलं. शब्द चांगला आहे, पण त्यात यंत्र आलं, मानव आला आणि वेठ गळून पडली. तेव्हा कुणी ‘वेठ्या’ म्हटलं असतं तर कदाचित आपण पहिल्यापासून वेगळे प्रश्न विचारले असते. हा वेठ्या कुणाचा? याला वेठीला कुणी धरलं?

चापेकच्या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत. ते कृत्रिम मांसाचे, दिसायला माणसासारखेच आहेत. ते बनवणाऱ्या कारखान्यात एक हिशोब मांडलेला आहे. माणूस हे कामाच्या दृष्टीनं फार खर्चिक यंत्र आहे, त्याला आनंद होतो, त्याला फिरायला जावंसं वाटतं, वाजवावंसं वाटतं. कामाला याचा काय उपयोग? म्हणून कामाला ज्याची गरज नाही ते सगळं त्यातून काढून टाकायचं. उरेल तो रोबो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला प्राग आठवलं नाही, बीड आठवलं.

उसतोडीला जाणारी माणसं मुकादमाच्या, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत माणसं म्हणून येत नाहीत, कोयते म्हणून येतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून दोघं. ‘यंदा बारा कोयते भरलेत’ असं मुकादम म्हणतो. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची आणि ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायचं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) झोपडीत राहायचं. बाई पहाटे तीनला उठते, चूल पेटवते, भाकऱ्या थापते आणि उजाडायच्या आत फडात पोहोचते. नवरा तोडतो, ती वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, कापते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रॉलीत चढते. गाडी रात्री कधीही येते, आणि आली की भरावीच लागते. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा. खाड्याचा दंड उचलीत चढतो.

आणि मग ती गोष्ट, जी २०१९ मध्ये सगळ्या देशाला कळली. बीड जिल्ह्यातल्या उसतोड बायका मोठ्या संख्येनं गर्भाशय काढून घेत होत्या. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. कारणं अनेक होती. वेळेवर न मिळालेले उपचार, कॅन्सरची दाखवलेली भीती, दवाखान्यांचा लोभ. पण त्या बायका स्वतःच्या तोंडानं एक कारण सांगत होत्या, ते फार साधं होतं. पाळीच्या दिवसांत मोळी उचलवत नाही. खाडा होतो. दंड भरायला पैसे नाहीत.

कामाला ज्याची गरज नाही ते काढून टाकायचं. चापेकनं हे नाटकात लिहिलं. आमच्याकडे ते ऑपरेशनच्या टेबलावर झालं, आणि ज्यांच्यावर झालं त्यांना त्यासाठी कर्ज काढावं लागलं. त्यांतल्या कित्येक बायकांचं वय तिशीच्या आत-बाहेर होतं. आता त्या कंबरेला हात लावून उठतात. पुन्हा फडात गेल्या आहेत.

रोबोचा सिनेमा बघताना लोक एक प्रश्न फार गंभीरपणे विचारतात: यंत्र माणूस होऊ शकेल का? माझ्या डोक्यात त्याच वेळी उलटा प्रश्न असतो. माणसाला यंत्र कसं केलं जातं, याची गोष्ट कुणी दाखवतंय का?

टीव्हीनं ती एकदा दाखवली होती, मात्र नकळत. २०१६ मध्ये ‘बहू हमारी रजनी कांत’ नावाची हिंदी मालिका आली. तिच्यातली सून रोबो आहे आणि सासरच्यांना ते ठाऊक नाही. मालिका विनोदी होती, आमच्या घरी आवडीनं पाहिली जायची. पण थोडं थांबून विचार करा. न थकणारी, सांगितलेलं विसरत नसलेली, स्वतःचं काही न मागणारी सून घरात वावरते आणि घरातल्या लोकांना ती माणूस नाही अशी शंकाही पटकन येत नाही, कारण सून अशीच असावी असं त्यांना मनापासून वाटत असतं. ‘तेरी बातों में…’मध्ये पुन्हा तेच. सगळ्या कुटुंबाला मुलगी पसंत पडते. ‘स्मॉल वंडर’मधली विकी घरकाम करते आणि रात्री कपाटात उभी राहते. पडद्यावर बाईच्या रूपातला रोबो घडवला जातो तेव्हा तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी मनातली आदर्श बाई असतो, आणि त्या आदर्श बाईला थकवा नसतो.

मला इथे गंगाखेडच्या जनाबाईची आठवण येते. नामदेवाच्या घरची दासी. दळण, कांडण, शेण, पाणी, सगळं तिच्या अंगावर. तिलाही या कामात मदतीला कुणीतरी हवं होतं, आणि तिनं मदतीला साक्षात विठ्ठल बोलावला. तो तिच्यासोबत जात्याचा खुंटा धरतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. सातशे वर्षांपूर्वीच्या एका राबणाऱ्या बाईच्या मनात मदतनीसाचं जे चित्र होतं ते हे. तिला हुकूम पाळणारं कुणी नको होतं, समोर बसून खुंट्याला हात लावणारं हवं होतं. काम हलकं व्हावं आणि आपणही माणूस म्हणून उरावं, या दोन्ही गोष्टी तिनं एकत्र मागितल्या. यंत्राकडून काय मागायचं याचं मला आजवर सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हेच आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सिनेमाचे अभ्यासक म्हणतील, अहो, अँड्रॉइडच्या गोष्टी वरवर यंत्राच्या असतात, आतून त्या गुलामांच्या आणि कामगारांच्याच असतात. हे खोटं नाही. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये जमिनीखाली राबणारे कामगार आहेत आणि त्यांना भुलवायला त्यांच्यातल्याच एका मुलीचा चेहरा दिलेला रोबो आहे. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मधले कृत्रिम लोक परग्रहांवर गुलामीसाठीच बनवलेले आहेत. ‘स्टार ट्रेक’च्या १९८९ मधल्या एका भागात डेटा नावाचा अँड्रॉइड ही अंतराळदलाची मालमत्ता की स्वतंत्र व्यक्ती, यावर रीतसर सुनावणी होते, आणि असे हजारो डेटा बनवून राबवले तर ती नवी गुलामगिरीच होईल हा मुद्दा तिथे नेमका मांडला जातो. मी हा भाग मुलांना दाखवला आहे. मुलं गप्प होऊन पाहतात.

माझी हरकत पुढची आहे. ज्या समाजानं गुलामगिरी संपवली आणि तिच्याबद्दल शंभर-दीडशे वर्षं लिहिलं, भांडलं, त्या समाजाला ती गोष्ट रूपकातून सांगणं परवडतं. आपल्याकडे मूळ गोष्टच पडद्यावर फारशी आलेली नाही. कोयता हा शब्द ऐकून शहरातल्या प्रेक्षकाला हत्यार आठवतं, नवरा-बायको आठवत नाहीत. अशा वेळी रूपकानं सोय होते ती आपली, पाहणाऱ्यांची. सुंदर चेहऱ्याच्या अँड्रॉइडसाठी डोळ्यांत पाणी येतं, मन हलकं होतं आणि ज्याच्यासाठी ते पाणी यायला हवं होतं तो ट्रॉलीवर बसून रात्रीचा आपल्याच रस्त्यानं निघून जातो.

पैठणच्या रेड्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. संन्याशाची पोरं म्हणून चार भावंडांना शुद्धिपत्र नाकारलं गेलं, आणि ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. रेडा वेद कसा म्हणाला यावर आपण लहानपणी भांडायचो. पण त्या कथेत परीक्षा रेड्याची नव्हतीच, समोर बसलेल्या सभेची होती. मुक्या जनावराला वाचा फुटली हे जिनं मान्य करायचं त्या सभेला चार लेकरांचं माणूसपण मान्य करता येत नव्हतं. अँड्रॉइडच्या गोष्टीनं हे साधलं तर ती मोठी गोष्ट. रेडा बोलला म्हणून आपण नुसत्याच टाळ्या वाजवत राहिलो आणि शुद्धिपत्र न देताच उठलो, तर काय उपयोग?

आता यंत्र प्रत्यक्षात येतंय त्याबद्दल. मी यंत्राच्या विरुद्ध नाही, माझं सगळं आयुष्य मशीनच्या आवाजात गेलंय. ऊस तोडायला हार्वेस्टर आलाय आणि तो यायलाच हवा होता. किंमत कोटीच्या घरात. सरकारनं त्याला अनुदान दिलं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांत जे कमी असेल ते. हार्वेस्टरला रुंद सरी लागते, साडेचार-पाच फुटांची, म्हणून लहान तुकड्यांत तो चालत नाही. पाचट उसाबरोबर जातं म्हणून वजनात कपात होते, त्यावरून शेतकरी आणि कारखाना यांच्यात कुरबुर चालते. पण वर्षागणिक तो वाढतोय. कुठल्याही बाईनं पुन्हा चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढू नये असं ज्याला वाटतं त्यानं या यंत्राला शिव्या द्यायचं कारण नाही.

फक्त मला सांगा, हार्वेस्टर फडात उतरला त्या वर्षी त्या बारा कोयत्यांचं काय झालं? उचल मिळाली नाही तेव्हा पोरीचं लग्न कशावर झालं? की लवकर उरकलं गेलं? गावात थांबलं म्हणून पोरांची शाळा सुटली नाही, की गावात काम नाही म्हणून पोरंच वाळूजला, चाकणला आली? मुकादम आता काय करतो? अनुदानाची मशीन ज्याच्या नावावर आहे तो कोण, आणि तिच्यावर बसणारा ड्रायव्हर कुणाचा पोरगा? यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक सिनेमा आहे. प्रेम आहे, भांडण आहे, देणं-घेणं आहे, रात्र आहे, आग आहे. आणि यात एक रोबोही आहे, लोखंडाचा, बिनतोंडाचा, शंभर माणसांचं काम करणारा. त्याला आवाज द्यायची गरज नाही, त्याचा स्वतःचा आवाज पुरेसा आहे.

आपल्या मातीत रोबो रुजवता येतो हे एका मल्याळम सिनेमानं दाखवलं आहे. २०१९ चा ‘अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५’. पय्यन्नूरसारख्या गावात राहणारा हेकट म्हातारा, नोकरीसाठी रशियाला गेलेला त्याचा मुलगा, आणि बापाकडे बघायला मुलानं आणून ठेवलेला बुटका रोबो. आधी त्याच्याकडे पाहायलाही तयार नसलेला म्हातारा हळूहळू त्याच्यात जीव गुंतवतो. त्या रोबोचा चेहरा देखणा नाही. सिनेमाला त्याच्या मनाची फार पडलेलीही नाही. सिनेमा पाहतो त्या रिकाम्या घराकडे, ज्यात रोबो आणावा लागला. हा सिनेमा पाहिला तेव्हा मला आमच्या गल्लीतली तीन घरं आठवली. तिन्ही घरांत म्हातारी माणसं, तिन्ही घरांची मुलं पुण्यात. संध्याकाळी फोन येतो तेव्हा म्हाताऱ्या आवाजात एकच वाक्य ऐकू येतं, “आमचं काय, आम्ही बरे हाव.” मराठवाड्यात त्या सिनेमातलं काहीही बदलावं लागणार नाही, भाषा सोडून.

आणखी एका रोबोबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करायला उतरलेले पाच मजूर गुदमरून मेले. एक बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. अशा मृत्यूंची रीत सगळीकडे हीच असते. माणसाला गटारात उतरवण्यावर देशात २०१३ पासून कायद्यानं बंदी आहे. आणि केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढणारा ‘बँडिकूट’ नावाचा रोबो २०१८ मध्येच कामाला लावलेला आहे. चार पाय, एक हात, कॅमेरा. वरच्या पडद्यावर बघून चालवायचा. पूर्वी जे स्वतः आत उतरायचे त्यांनाच तो चालवायला शिकवता येतो, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

पडद्यावरचा रोबो पृथ्वी वाचवतो. मला पाच माणसं वाचवणारा रोबो पाहायचा आहे. तो वेळेवर आला नाही त्याची गोष्ट पाहायची आहे. नगर परिषदेच्या बैठकीत त्याच्या खरेदीचा विषय कुणी मांडला, कुणी पुढच्या बैठकीवर ढकलला, आणि त्याच आठवड्यात कुणाच्या घरी फोन गेला, हे पाहायचं आहे.

काही मित्र म्हणतात, सिनेमा हा विरंगुळा आहे, त्याच्याकडून एवढ्या अपेक्षा नकोत. विरंगुळ्याचं महत्त्व मला कळतं. चिट्टी पाहून माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी भंगारातून मोटरी जमवून चालणारा हात बनवला होता, तो आजही वर्कशॉपच्या कपाटात आहे. पण विरंगुळाच माणसाच्या मनात चित्र रुजवतो. वडवणीचा तो मुलगा रोबोच्या समोर उभा राहून रोबो शोधत होता. जे त्याची नोकरी ठरवणार आहे ते त्याला ओळखता आलं नाही, कारण ते कसं दिसतं हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मालकाच्या मनात काय आहे, कंत्राट कसं असतं, मशीन आल्यावर कोण टिकतं आणि कोण जातं, हे त्यानं कुठून शिकायचं? मी वर्गात जेवढं सांगतो त्याच्या शंभरपट ते पडद्यावर पाहतात.

छत्रपती संभाजीनगरात आता दरवर्षी अजिंठा-वेरूळच्या नावानं आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. विद्यापीठातली नाटकवाली मुलं मोबाइलवर लघुपट बनवतात. त्यांच्याकडे पैसा नसेल, पण रोबोचा सिनेमा करायला रबराचे मुखवटे आणि संगणकावरची करामत लागतेच असं नाही. वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये कॅमेरा घेऊन बसता येतं. माजलगावच्या, केजच्या, धारूरच्या एखाद्या टोळीबरोबर निघता येतं. आणि रोबो हवाच असेल तर तो मी दाखवतो.

त्या दिवशी जाळीच्या पलीकडे दिसत होतं ते असं. एक पोरगा, विशीतला, फिक्स्चरमध्ये दोन नळ्या आणि एक पत्रा बसवतो. क्लॅम्प आवळतो. मागे सरकतो. समोर दोन हिरवी बटणं आहेत, एकमेकांपासून दोन फूट अंतरावर, ती दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची. एकाच हातानं दाबली तर मशीन चालत नाही, म्हणजे दुसरा हात आत राहून चेंगरू नये. सोय त्याच्या सुरक्षेची आहे आणि योग्य आहे. पण बाहेरून पाहताना असं दिसतं की पोराला दोन्ही हात दाखवून सांगावं लागतंय, मी आता काही करत नाहीये. मग नारिंगी हात वाकतो, वेल्ड मारतो, सरळ होतो. पोरगा पुन्हा पुढे येतो. मिनिटाच्या आत एक फेरा. तहान लागली, लघवीला जायचं असलं तरी फेरा त्याच्यासाठी थांबत नाही, बदली माणूस यावा लागतो.

या रोबोला वेल्ड मारायला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं शिकवलं होतं. गेवराईकडचा, फार चांगल्या हाताचा. कारखान्यात रोबो आला तेव्हा पेंडंट, म्हणजे रोबोला हालचाली शिकवायचा हातातला कंट्रोल, त्याच्याच हातात दिला गेला, कारण टॉर्च कुठे किती तिरकी धरायची हे त्या शेडमध्ये त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तीन आठवडे त्यानं एकेक पॉइंट शिकवला, ट्रायलचे तुकडे कापून जोड आतून नीट झालाय का ते बघितलं, पुन्हा शिकवला. प्रोग्रॅम जमला आणि वेल्डरची जागा संपली. त्याला लोडिंगवर, म्हणजे रोबोपुढे सुटे भाग बसवायच्या कामावर, घेतलं, पगार लोडिंगचा. आठ महिने त्यानं ती दोन बटणं दाबली आणि मग तो निघून गेला. आता बीडजवळ रस्त्याच्या कडेला त्याचं ग्रिल-गेटचं दुकान आहे.

मी मुलांना हे सांगणार नव्हतो. पण त्या नारिंगी हातानं नळीच्या कडेनं वेल्ड ओढत आणली, कोपऱ्यावर आला, आणि तिथे क्षणभर थांबला. मनगट किंचित आत वळलं, मग पुढे गेलं. कोपऱ्यावर दम धर, नाहीतर तिथे खड्डा पडतो, हे मी गेली बावीस वर्षं प्रत्येक मुलाच्या मागे उभं राहून, त्याच्या कोपराला हात लावून सांगत आलोय. हे मला माझ्या उस्तादांनी असंच कोपराला हात लावून सांगितलं होतं.

वडवणीच्या पोरानं ते पाहिलं. आदल्याच आठवड्यात मी त्याच्यावर त्याच कोपऱ्यावरून ओरडलो होतो. तो माझ्याकडे वळला. “सर, ह्यो पण दम धरतो की! ह्याला कुणी शिकवलं?”

मी त्याला त्या वेल्डरचं नाव सांगितलं, गावही सांगितलं. परतीच्या बसमध्ये त्यानं माझ्याकडून त्याचा नंबर मागून घेतला.